एका नामाची कॅन्टनवारी

'बिझनेस' हे इंग्रजी नाम मोठे बहुरूपी आहे. त्याचा अर्थ व्यापार, तसाच उद्योग. कामगिरी, तशीच नसती उठाठेवही. 'तुझा यात काय संबंध?' एवढे विचारायलाही इंग्रज हाच शब्द वापरतो. शाळेत कोशाच्या आधाराने तो शिकणाऱ्या आपल्यासारख्यांची जिथे त्रेधा उडते, तिथे कोश नाही, व्याकरण नाही, मास्तर नाही अशा स्थितीत तो कानांनीच उचलणाऱ्या चिनी माणसाने त्याचे काय केले असेल? ही हकिकत मला फार दिवसांपासून सांगायची होती.

हकिकत घडली दक्षिण चीनमधल्या कॅन्टन बंदरात, म्हणजे आजच्या ग्वांगझौ शहरात. 1757 साली छ्येनलुंग बादशहाने पाश्चात्त्यांचा सारा व्यापार या एका बंदरापुरता बांधून टाकला. गोऱ्यांनी नदीकाठच्या वखारींत राहायचे, शहराच्या तटाआत पाऊल टाकायचे नाही, आणि व्यवहार करायचा तो सरकारने नेमलेल्या 'हाँग' व्यापाऱ्यांशीच. चिनी भाषा जाणणारा इंग्रज तेव्हा विरळाच. असा एक जेम्स फ्लिंट 1759 साली थेट उत्तरेकडे गलबत हाकारून बादशहाकडे तक्रार घेऊन गेला. त्याला मकावमध्ये तीन वर्षे कैद झाली. त्याचा अर्ज लिहायला मदत करणाऱ्या चिनी माणसाचे मात्र मुंडके उडाले! यानंतर परक्याला चिनी शिकवायला कोण धजणार? 1807 साली आलेल्या रॉबर्ट मॉरिसन या मिशनऱ्यालाही चोरूनच धडे घ्यावे लागले. साहजिकच दुसऱ्याची भाषा शिकण्याचे ओझे पडले ते चिनी दुकानदारांवर, दलालांवर आणि आचाऱ्यांवर.

त्यांच्यासाठी चिमुकली पुस्तके निघाली. विल्यम हंटर हा अमेरिकन 1825 साली पोरवयात कॅन्टनला आला होता. त्याने 1882 साली छापलेल्या आठवणींत अशा एका पुस्तकाचे वर्णन आहे. नाव 'सैतानांची बोली'! (सैतान म्हणजे अर्थातच गोरे लोक.) मुखपृष्ठावर तीनकोनी टोपी, झालरीच्या बाह्या आणि हातात छडी असा साहेब. किंमत पेनी दोन पेनी. आत चिनी शब्द, आणि खाली त्याचा इंग्रजी उच्चार, तोही चिनी चित्राक्षरांतच! आपण देवनागरीत 'मॅन' लिहून मोकळे होतो. त्यांच्या लिपीत सुटा 'म' नाही की काना नाही. ज्या अक्षराचा उच्चार जवळपास जाईल ते घ्यायचे आणि भागवायचे.

आता 'बिझनेस'कडे पाहा. कॅन्टनच्या बोलीत शब्दाच्या शेवटी 'स' येऊच शकत नाही, आणि आपला 'ब' किंवा 'झ' तर त्या बोलीत नाहीच. तेव्हा 'बिझनेस' त्या जिभांवर घासला गेला आणि त्याचे 'पिजिन' झाले, असे बहुतेक भाषापंडित मानतात. पण मला नवल वाटते ते उच्चाराचे नव्हे, अर्थाचे. आपण मराठीत 'काम' हा एकच शब्द किती ठिकाणी राबवतो! 'कामाला गेलाय', 'तुझ्याकडे एक काम होते', 'हे माझे काम नाही'. चिनी भाषेतही 'श' असा एक शब्द असाच सर्वसंचारी आहे: काम, गोष्ट, प्रकरण, भानगड सारे त्यात येते. शिकणाऱ्याने आपल्या या शब्दाचे सारे ओझे 'पिजिन'च्या पाठीवर लादले. पोर्तुगीज 'देउश' म्हणजे देव. त्याचा झाला 'जॉस', आणि धर्मकर्म म्हणजे 'जॉस-पिजिन'. पाद्री असो की मठातला भिक्षू, तो 'जॉस-पिजिन-मॅन'. नुसता देखावा असेल तर 'लुकसी-पिजिन'. चिनीत नामाचे अनेकवचन होत नाही. मोजताना मध्ये नगवाचक शब्द लागतो, म्हणून एक माणूस 'वन पीसी मॅन' झाला. आपला वाणी 'चार नग' म्हणतो त्यातलाच हा प्रकार. याला अडाणीपणा कसे म्हणावे? व्याकरण पक्के होते, फक्त ते इंग्रजीचे नव्हते.

या बोलीत आपल्याकडचेही वाण आहे बरे! मुंबईहून कापूस आणि, सांगायला संकोच वाटतो, अफू कॅन्टनला जाई. जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी व्यापारी स्वतः तिकडे जाऊन आले होते. हिंदुस्थानी 'छाप' तिकडे 'चॉप' झाली: शिक्का, परवाना, आणि उत्तम मालाला 'फर्स्ट चॉप'. चिठ्ठीची 'चिट' झाली. चांदी पारखणारा तो 'श्रॉफ', म्हणजे आपला सराफच! हाँगकाँगच्या वाहनतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीवर 'श्रॉफ' ही पाटी आजही दिसते.

1842 च्या नानकिंग तहाने कॅन्टनची मक्तेदारी मोडली आणि ही बोली इतर बंदरांत पसरली. 'पिजिन' हे आता त्या बोलीचेच नाव झाले. साहेब चिनी नोकराशी तीच बोले आणि घरी गेल्यावर तिचीच टिंगल करी. चार्ल्स लेलंडने 1876 साली तिच्यात विनोदी पद्यांचे पुस्तकच काढले. तांग तिंगशू याने 1862 साली कॅन्टनमध्ये चिनी लोकांसाठी सहा खंडांचे इंग्रजीचे पुस्तक छापले. हाँगकाँगच्या मिशनरी शाळेत शिकलेला हा गृहस्थ शुद्ध इंग्रजी जाणत होता. पण ग्रंथात कॅन्टनी इंग्रजीलाही त्याने जागा दिली. बाजारात काय चालते ते त्याला ठाऊक होते. पुढच्याच वर्षी तो जार्डिन मॅथेसन या बड्या पेढीचा मुख्य दलाल झाला, आणि 1873 साली चीनच्या स्वदेशी आगबोट कंपनीची सूत्रे त्याच्याकडे आली.

आणि ते नाम? ते इंग्रजांच्या घरी परतले, पण त्यांनी ते ओळखले नाही. उच्चारसाम्यामुळे त्यांनी त्याचे स्पेलिंग कबुतराच्या 'पिजन'सारखे केले. आजही 'हे माझे काम नव्हे' म्हणताना इंग्रज 'हे माझे कबुतर नव्हे' असे म्हणतो! भाषाशास्त्रात तर जगभरच्या असल्या कामचलाऊ बोलींना 'पिजिन' हेच नाव पडले. त्यांपैकी एक पापुआ न्यू गिनीत एवढी वाढली की ती त्या देशाची अधिकृत भाषा झाली, आणि संसदेत भाषणे तिच्यातही होतात. नाव 'टोक पिसिन'. त्या भाषेत 'पिसिन' म्हणजे ही बोली, आणि 'पिसिन' म्हणजे पाखरूही.