राष्ट्रीय दुखवटा आणि क्रीडांगण

राष्ट्रावर शोकाचा प्रसंग ओढवला म्हणजे सरकारी इमारतींवरील ध्वज अर्ध्यावर उतरविला जातो व सरकारी करमणुकीचे समारंभ रद्द होतात. त्याविषयीचे नियम ठरलेले आहेत. परंतु गावातील वा धर्मग्रामातील एखाद्या लहानशा क्रीडामंडळाने त्या दिवसांत काय करावे, हे बहुधा त्याचे त्यालाच ठरवावे लागते. मैदान ओस ठेवणे हा मृताचा आदर, की त्याच मैदानावर जमून मस्तक लवविणे हा आदर? फुटबॉल व क्रिकेट ह्या खेळांची मंडळे जेथे प्रथम वाढीस लागली, त्या इंग्लंडचा इतिहास ह्या बाबतीत उद्बोधक आहे; कारण सुमारे सव्वाशे वर्षांत तेथे ह्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली.

२२ जानेवारी १९०१ रोजी व्हिक्टोरिया राणी निवर्तली. फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाची पहिली फेरी तेव्हा पुढे ढकलण्यात आली व ती ९ फेब्रुवारीस खेळली गेली. पुढे ६ फेब्रुवारी १९५२ रोजी राजा सहावा जॉर्ज मरण पावला, त्या वेळी मात्र मार्ग दुभंगले. रग्बी व हॉकी ह्या खेळांच्या चालकांनी आपले सामने बंद ठेविले. फुटबॉलच्या चालकांनी शनिवार, ९ फेब्रुवारीचे सामने होऊ दिले. मैदानोमैदानी खेळापूर्वी प्रेक्षकांनी स्तब्ध उभे राहून ‘अबाइड विथ मी’ हे स्तोत्र व राष्ट्रगीत म्हटले. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला शनिवारची दुपार हाच काय तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसह एकत्र येण्याचा वेळ. तीच दुपार शोकालाही उपयोगी पडली.

ह्याच प्रसंगाचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. राजा मरण पावला त्याच दिवशी मद्रास येथे भारत व इंग्लंड ह्यांच्यातील कसोटी सामन्याला आरंभ झाला होता. भारत तेव्हा प्रजासत्ताक झालेला होता. तथापि पाहुण्या संघाच्या दुःखाचा मान राखून विश्रांतीचा दिवस अलीकडे घेण्यात आला व ७ तारखेस खेळ झाला नाही. त्यानंतर सामना पुरा झाला. विनू मंकड ह्यांनी दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले आणि १० फेब्रुवारीस भारताने एक डाव व ८ धावांनी कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळविला. त्या संघाचे नायक विजय हजारे. सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली त्यांचा जन्म झाला होता. एक दिवस शोकाला देऊन उरलेले दिवस कर्तव्याला देण्यात त्या सामन्यात कोणाचाही अनादर झाला नाही.

सत्तर वर्षांनी, ८ सप्टेंबर २०२२ रोजी, दुसरी एलिझाबेथ राणी कालवश झाली. सामने रद्द करण्याचे बंधन कोणावरही नाही; निर्णय ज्याने त्याने घ्यावा; इच्छा असल्यास खेळापूर्वी मौन पाळावे, राष्ट्रगीत म्हणावे, दंडावर काळी फीत बांधावी, असे सरकारने कळविले. क्रिकेटच्या चालकांनी शुक्रवारचा खेळ बंद ठेविला. शनिवार, १० सप्टेंबर रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर हजारो लोक निःशब्द उभे राहिले, राष्ट्रगीत झाले आणि मग खेळ सुरू झाला. फुटबॉलच्या संघटनेने मात्र त्या आठवड्याअखेरचे सर्वच सामने, अगदी हौशी संघांचे व लहान मुलांचेही, तहकूब केले.

ह्या निर्णयामागील हेतू आदराचाच होता, ह्यात शंका नाही. सर्वांना एकच नियम लावल्याने कोणत्याही लहान मंडळाला दोष देण्यास जागा राहत नाही, हाही त्याचा गुण मानावा लागेल. तथापि त्या वेळी अनेकांनी विचारले की, दहा वर्षांच्या मुलांनी चिखलाच्या मैदानावर वर्तुळात उभे राहून एक मिनिट मौन पाळले असते, तर ती त्यांच्या जन्मभर लक्षात राहील अशी शिकवण झाली नसती काय? खेळ थांबला म्हणून शोक वाढला असे नव्हे. ज्याची त्याची ती सकाळ आपापल्या घरी एकट्याने गेली.

एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांचे निधन झाले, तेव्हा हा प्रश्न आपल्या अंतःकरणाच्या अधिकच निकट आला. भारत सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. इटलीत २१ एप्रिलचे व अंत्यविधीच्या दिवसाचे, म्हणजे २६ एप्रिलचे, वरिष्ठ साखळीतील फुटबॉल सामने पुढे ढकलण्यात आले. परंतु ब्वेनोस आयरेस शहरातील सान लोरेन्सो ह्या मंडळाचा संघ त्याच २६ तारखेस आपल्या मैदानावर उतरला. पोप फ्रान्सिस बाळपणापासून ह्याच मंडळाचे चाहते व पुढे सभासदही होते. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांना लोरेन्सो मासा ह्या सलेशियन धर्मगुरूंनी आपल्या आवारात जागा दिली आणि त्यातूनच १९०८ साली हे मंडळ उदयास आले. त्या लोकांनी आपल्या माणसाला श्रद्धांजली वाहिली आणि मग सामना खेळला. जेथे त्यांचे प्रेम होते, तेथेच त्यांनी शोक केला.

ह्या इतिहासातून आपल्या मंडळांनी एवढेच घ्यावे की, खेळणे अथवा न खेळणे ह्यात आदर सामावलेला नाही. खेळ बंद ठेवावयाचा असेल तर तो अवश्य ठेवावा. परंतु त्या दिवशीही मुलांना मैदानावर बोलवावे, दिवंगताने काय केले हे दोन शब्दांत सांगावे, मौन पाळावे व मगच त्यांना घरी पाठवावे. रिकामे मैदान काहीच शिकवीत नाही. वडीलधाऱ्यांसमवेत स्तब्ध उभे राहिलेले मूल मात्र मृतांचा मान राखण्यास शिकते, आणि हा वारसा पुढील पिढीच्या हाती देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.