विधवेच्या तोंडचे लग्नगीत

माझ्या लग्नात हळदीच्या रात्री गाणी म्हणणाऱ्या बायकांत माझी आत्या नव्हती. गावात सर्वांत जास्त गाणी तिलाच पाठ होती. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, सगळे. पण विशी ओलांडण्याआधीच तिचे कुंकू पुसले गेले होते, त्यामुळे मांडवातल्या कामाला तिचा हात चालत नसे. ती चुलीपाशी बसून राहिली. मांडवात कोणाला पुढची ओळ आठवली नाही, की एखादी पोरगी पळत जाऊन तिला विचारून यायची. गाणे तिचे, तोंड दुसरीचे. लग्नपत्रिकेतही तिचे नाव नव्हते, आणि मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

मी काही विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करून उरलेल्या वेळात जुने मराठी ग्रंथ वाचत आलो. त्या वाचनाची सुरुवातही आत्यामुळेच झाली. तिने महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता आणि दरवर्षी ती पांचाळेश्वरला जात असे. गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या पात्रातले हे ठिकाण पंथाला आत्मतीर्थ म्हणून पूज्य आहे. पूर आला की देऊळ पाण्यात जाते, ओसरला की पुन्हा दर्शन सुरू होते. तिच्यासोबत जाताना पंथाची पोथीपुस्तके हाती आली आणि त्यांतून महदाइसा भेटल्या.

आपल्या जिल्ह्याला साहित्याचा अभिमान आहे. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे इसवी सन ११८८चा मानला जातो. आद्यकवी कोण, यावर आपल्याकडे तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. आद्य कवयित्री कोण, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. महदाइसा, म्हणजेच महदंबा, हे त्याचे उत्तर. पण नाव सांगून काम संपत नाही. त्यांनी काय रचले आणि त्या कोण होत्या, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

महदाइसा विधवा होत्या. पंथाचे पहिले आचार्य नागदेव हे त्यांचे नातलग. श्रीचक्रधरांच्या अनुयायांत त्या सतत प्रश्न विचारणाऱ्या म्हणून ओळखल्या जात आणि स्वामींना त्यांच्या या जिज्ञासेचे कौतुक होते. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर ही मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथेच झाले आहे. गोविंदप्रभूंचे वागणे लोकरीतीला धरून नसे. कधी लहान मुलासारखे, कधी वेड्यासारखे. एकदा त्यांनी लग्नाचा छंद घेतला. भक्तांनी लग्नाची तयारी केली आणि वर म्हणून त्यांच्यापुढे लग्नगीते गायली महदाइसांनी. तेच ‘धवळे’. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरची ही गीते तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळातली. पूर्वार्ध त्या प्रसंगी झाला, उत्तरार्ध पुढे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. मला तिथेच थांबावे लागले. मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना ही लग्नगीते आहे आणि ती गाणारी बाई विधवा आहे. जिची सावलीही मांडवावर नको मानतात, तिने मांडवातले गाणे रचले आणि स्वतःच्या तोंडाने म्हटले.

त्या काळाची चौकट लक्षात घेतली तर याचे मोल कळते. यादवांच्या दरबारातले श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ याच शतकातला. व्रते, दाने, श्राद्धे, काळवेळ यांचा तो संग्रह आहे. कोणत्या तिथीला कोणी काय करावे, हे तो सांगतो. अशा ग्रंथाला माणसाचे नाव लागत नाही. त्याला जात, वय आणि सवाष्ण की विधवा एवढे पुरते. समाजाचा ताबा नेहमी तलवारीनेच चालतो असे नाही. बऱ्याचदा तो पंचांगाने चालतो.

‘लीळाचरित्र’ नेमके याच्या उलट आहे. चक्रधरांच्या माघारी म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. कोणी काय ऐकले, कोणाचे म्हणणे वेगळे पडते, हेही टिपले. त्यात बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा अशा कितीतरी बायका आपापल्या नावाने येतात. त्या रुसतात, भांडतात, शंका काढतात. विटाळाच्या प्रश्नावर चक्रधरांचे म्हणणे सरळ होते. शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ येतात तसाच हा एक, त्यात विटाळ कसला? पंथाची परंपरा सांगते की पैठणच्या सभेत स्वामींवर मोठा आक्षेप घेतला गेला तो बायका त्यांच्या मागे लागतात असा, आणि त्या सभेत हेमाद्रीही होते. सभेचे तपशील इतिहासकारांना वादाचे वाटतात. पण सत्तेला नेमके काय खुपले, हे पंथाने कसे लक्षात ठेवले, तेवढे त्यातून नक्की कळते.

नागदेवांचाही एक प्रसंग ‘स्मृतिस्थळा’त आहे. केशवदेवांना संस्कृतात ग्रंथ करायचा होता. नागदेवांनी त्यांना अडवले. तसे केले तर स्वामींचा साधा परिवार, म्हाताऱ्याकोताऱ्या नागवल्या जातील, असे त्यांचे म्हणणे होते. भाषेचा निर्णय घेताना या बायका डोळ्यांसमोर होत्या.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मांडली पाहिजे, ती पंथातल्या वाचकांना कदाचित आवडणार नाही. महदाइसांना मिळालेली मोकळीक संन्यासाच्या आत होती. घर सोडले, गाव सोडले, तेव्हा ती मिळाली. गावात राहिलेल्या विधवेचे काहीच बदलले नाही. पुढे चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. परकी आक्रमणे आणि बाहेरचा विरोध पाहता त्यामागची भीती समजते, आणि पोथ्या टिकल्या त्याही याच काळजीमुळे. पण ज्या म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारले, त्यांच्या लेकीसुनांना आता मराठीही कुलपात मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ‘धवळ्यां’चा पत्ता नव्हता. एका विधवेने लग्नात गायले होते, हा दाखला कोणा सासूला किंवा भटजीला दाखवावा, तर तो पाचसहाशे वर्षे बासनात होता.

आमच्या भागाला कायद्याचाही आधार उशिराच मिळाला. विधवाविवाहाचा १८५६चा कायदा ब्रिटिश मुलखातला. बीड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. आणि कायदा आला तरी कुंकू, बांगड्या, हळद ही गावाचीच बाब राहिली. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, तेव्हा तो राज्यभर बातमीचा विषय झाला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. म्हणजे ‘धवळ्यां’नंतर सातशेहून अधिक वर्षांनी आपण ठरावाने सांगत होतो, की हिला मांडवात येऊ द्या.

ठराव हवाच. पण महदाइसांच्या गोष्टीत मला आणखी काही दिसते. मांडवात नुसती जागा मिळून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांना गायला सांगितले गेले, त्यांनी गायले, आणि ते त्यांच्या नावावर लिहून ठेवले गेले. माणूस समाजाच्या खात्यातून सुटतो तो अशाने. त्याचे बोलणे त्याच्या नावाने उरते तेव्हा.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचे लग्न झाले. पत्रिकेत आत्याचे नाव घातले, पण ‘कै.’ लावून. इथे ते लिहीत नाही. छापील कागदावर आपले नाव आलेले तिला आवडले असते का, हे तिला विचारायचे राहून गेले. हळदीच्या रात्री बायका दोन ओव्या म्हणून थांबल्या. पुढचे कोणालाच येत नव्हते, आणि विचारून यायला चुलीपाशी कोणी नव्हते. तीस वर्षे मी जुनी हस्तलिखिते शोधत हिंडलो. घरातल्या त्या बाईपाशी वही घेऊन एकदाही बसलो नाही.