शरीराची साक्ष

मनुष्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या अंतःकरणाची परीक्षा करण्याची संवय आपणां सर्वांस आहे. ज्याच्या डोळ्यांस पाणी येतें त्यास दुःख झालें असें आपण समजतों. ज्याच्या मुद्रेवर कसलाच विकार उमटत नाहीं तो एक तर स्थितप्रज्ञ असला पाहिजे किंवा दगड, असा आपला सरळ हिशेब असतो. व्यवहारांत हा हिशेब बहुधा चालून जातो. परंतु ज्या व्याधीस आपण छिन्नमनस्कता, किंवा आतां सर्वांच्या तोंडीं बसलेल्या शब्दानें स्किझोफ्रेनिया, असें म्हणतों, तिच्या बाबतींत ह्या हिशेबानें रोग्यांचा फार घात केला आहे. ही चूक कशी रूढ झाली आणि ती कोणीं कशी दुरुस्त केली हें सांगण्याचा आमचा येथें उद्देश आहे. आम्ही वैद्य नव्हों, इतिहासाचे अध्यापक आहों. तथापि साक्षीपुराव्याची पारख हा आमच्या व्यवसायाचा भाग असल्यामुळें ह्या प्रकरणांत लक्ष घालण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे, अशी आमची समजूत आहे.

लक्ष घालण्यास एक खाजगी कारणहि झालें. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक बुद्धिमान् विद्यार्थी होता. दुसऱ्या वर्षीं तो हळूहळू अबोल होत गेला. प्रश्न विचारला असतां तो आमच्याकडे नुसता पाहात राही. एके दिवशीं आम्हीं त्यास सर्व मुलांदेखत ‘कोडगा’ म्हटलें. त्याच्या मुद्रेवरील एक रेषाहि हालली नाहीं, आणि त्यामुळें आमचा शब्द आम्हांस अधिकच यथार्थ वाटला. पुढें त्याच्या वडिलांकडून त्याच्या आजाराचें नांव आम्हांस कळलें.

१८९९ सालीं जर्मनींतील एमिल क्रेपेलीन ह्यानें आपल्या मानसरोगांवरील ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तींत ही व्याधि उन्माद-विषादाच्या व्याधीपासून स्पष्टपणें वेगळी केली. त्यानें योजिलेल्या लॅटिन नांवाचा अर्थ ‘अकालीं आलेला बुद्धिभ्रंश’ असा होता. १९०८ सालीं झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलरनें तें नांव टाकून ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडविला. एका देहांत दोन माणसें, असा त्याचा अर्थ नाहीं. विचार, भावना आणि इच्छा ह्यांची एकमेकांपासून ताटातूट, असा आहे. सुई टोंचली तरी हात मागें न घेणारे, आप्त भेटीस आले तरी मान वर न करणारे रोगी ह्या दोघांनींहि पाहिले होते. भावना समूळ नष्ट होत नाहीं, ती दडून असते, असें ब्लॉयलरचें मत होतें. पण सर्वसाधारण समजूत मात्र ‘दगड झाला’ अशीच राहिली.

ह्या सुमारास एक नवा साक्षीदार पुढें आला. मनास धक्का बसला म्हणजे तळहातास किंचित् घाम सुटतो आणि त्वचेंतून विजेचा प्रवाह अधिक सुलभतेनें वाहतो. विद्युन्मापक यंत्राचा कांटा हा सूक्ष्म फरक दाखवितो. ब्लॉयलरच्याच रुग्णालयांत काम करणारा कार्ल युंग आणि त्याचा अमेरिकन सहकारी फ्रेडरिक पीटरसन ह्यांनीं १९०७ सालीं ह्या यंत्रानें निरोगी माणसें व मनोरुग्ण ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. ह्या व्याधीच्या कित्येक रोग्यांत कांटा फारसा हालला नाहीं. पहिल्या साक्षीदारानेंहि चेहऱ्याचीच री ओढली.

ह्यानंतर संकटकाळीं शरीर काय करतें ह्याचें शास्त्रच उभें राहिलें. वॉल्टर कॅनननें १९१५ सालीं दाखविलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न होतांच मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथि अॅड्रिनॅलिन सोडतात, हृदयाची गति वाढते, रक्तांत साखर उतरते आणि पचन थांबतें. शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतें. १९३६ सालीं माँट्रियलच्या हान्स सेल्येनें उंदरांवरील प्रयोगांवरून असें मांडलें कीं, थंडी असो, जखम असो कीं विष असो, शरीराचें उत्तर बव्हंशीं एकच असतें, आणि त्यांत अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य स्तराचें काम मोठें असतें. कॉर्टिसॉल हा रस त्या स्तरांतूनच स्रवतो.

ही कसोटी छिन्नमनस्कतेस लावण्याचा उद्योग अमेरिकेंतील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयांत झाला. ग्रेगरी पिंकस आणि हडसन होगलंड ह्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत रोग्यांस उष्णता, थकविणारीं कामें इत्यादिकांचा ताण देऊन त्यांच्या ग्रंथींचें उत्तर मोजलें. तें निरोगी माणसांच्या मानानें क्षीण आढळलें. म्हणजे दुसऱ्या साक्षीदारानेंहि दगडाचाच पक्ष घेतला असें दिसलें. परंतु ही साक्ष कोणाची होती? वर्षानुवर्षें भिंतींआड राहिलेल्या, काम ना संगत अशा स्थितींत दिवस कंठणाऱ्या माणसांची. व्याधीचा परिणाम कोणता आणि बंदिवासाचा कोणता, हें त्या आंकड्यांवरून निवडतां येत नव्हतें.

दरम्यान उपचारांचीहि दिशा पालटली. १९३० नंतरच्या दशकांत व्हिएन्नाच्या साकेलनें इन्सुलिननें बेशुद्धि आणण्याचा, बुडापेस्टच्या मेदुनानें औषधानें झटके आणण्याचा आणि रोमच्या चेर्लेत्ति व बीनि ह्यांनीं विजेचा प्रयोग केला होता. शरीरास जबर हिसका दिला असतां मन ताळ्यावर येईल, ही त्यांमागील आशा. पुढें जें औषध खरोखर युगप्रवर्तक ठरलें तें अगदीं उलट वाटेनें आलें. आंरी लाबोरी हा फ्रेंच शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळीं शरीरांत उठणारा प्रक्षोभ शमविण्याचा उपाय शोधीत होता. क्लोरप्रोमॅझिन दिलें असतां रोगी जागा राहूनहि शांत होतो, हें त्याच्या लक्षांत आलें. आणि १९५२ सालीं पॅरिसच्या दले व दनिकेर ह्यांनीं तें मनोरुग्णांवर यशस्वी करून दाखविलें. त्याचें मुख्य कार्य मेंदूंतील डोपामिन ह्या द्रव्याच्या संबंधानें असतें, हें मागाहून ठरलें. तथापि एक प्रश्न तेव्हांच पडावयास हवा होता : रोगी जर दगड, तर त्यास शांत करण्याचें प्रयोजन काय?

उत्तर पुन्हा त्या जुन्या कांट्यानेंच दिलें. १९७२ सालीं इंग्लंडांत ग्रुझेलिअर आणि व्हेनेबल्स ह्यांनीं साध्या ध्वनीस रोग्यांची त्वचा कसें उत्तर देते तें पाहिलें. रोग्यांचे दोन वर्ग निघाले. एकाची त्वचा गप्प होती. दुसऱ्याची इतकी जागी, कीं निरोगी माणूस ज्या आवाजास लौकर सरावतो त्यासहि ती पुनःपुन्हा दचके. दोहोंची सरासरी काढली असती तर दोन्ही सत्यें नाहींशीं झालीं असतीं.

ह्याच काळांत लंडनमध्यें जॉर्ज ब्राउन आणि जेम्स बर्ली ह्यांनीं १९६८ सालीं दाखविलें कीं, व्याधि उसळण्यापूर्वींच्या तीन आठवड्यांत रोग्यांच्या आयुष्यांत उलथापालथीचे प्रसंग इतरांपेक्षां अधिक घडलेले असतात. ज्या घरांत रोग्यावर टीकेचा भडिमार होतो किंवा काळजीपोटीं त्यास क्षणभर मोकळें सोडीत नाहींत, तेथें व्याधि अधिक वेळां उलटते, हेंहि पुढें सिद्ध झालें. घरच्यांमुळें व्याधि जडते असा ह्याचा अर्थ नाहीं. तो आरोप अन्यायाचा होईल.

आतां आमच्या मतें ह्या इतिहासांतील सर्वांत मोलाचा प्रयोग. १९७९ सालीं टॅरिअर, व्हॉन, लेडर व लेफ ह्यांनीं विद्युन्मापक यंत्र थेट रोग्यांच्या घरीं नेलें. प्रथम रोगी एकटा संशोधकाजवळ बसे. कांटा चंचल असे. मग घरचें माणूस आंत येई. तें माणूस शांत व सोसणारें असल्यास कांटा हळूहळू स्थिरावे. तें टीका करणारें असल्यास तो तसाच नाचत राही. रोग्यास मनुष्याची पारख होती, आणि आपलें माणूस जवळ आल्यानें त्याच्या देहास विसांवाहि मिळत होता.

चंदीगढ येथें झालेल्या आणि १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत अशा टीकाखोर घरांचें प्रमाण लंडनपेक्षां बरेंच कमी आढळलें. हें वाचून आपण फुशारून जाण्याचें कारण नाहीं. सरासरी कुटुंब सौम्य असलें म्हणून आमच्या वर्गांत उच्चारलेला तो एक शब्द सौम्य होत नाहीं.

ग्रंथींची साक्षहि पुढें फेरतपासली गेली. नेदर्लंड्समधील संशोधकांनीं १९९८ व २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शारीरिक श्रमास रोग्यांच्या कॉर्टिसॉलचें उत्तर सर्वसामान्य होतें. चारचौघांपुढें बोलावयास उभें केल्यावर मात्र तें क्षीण होतें. ग्रंथि बिघडलेली नसते, हा त्याचा सरळ अर्थ. आणि चौघांत बोलतांना ती गप्प राहिली म्हणून मनहि गप्प असतें काय? २००१ सालीं त्याच देशांतील मास्ट्रिक्ट येथील अभ्यासकांनीं रोग्यांच्या मनगटावर घड्याळें बांधलीं, आणि दिवसांतून अनेक वेळां खूण झाली कीं त्या क्षणाची मनःस्थिति त्यांनीं लिहून ठेवावी अशी योजना केली. रोजच्या लहानसहान तापानें रोग्यांचें मन निरोगी माणसांपेक्षां अधिक कष्टी होतें, असें त्या टिपणांवरून दिसून आलें.

कागद सांपडला नाहीं म्हणून प्रसंग घडलाच नाहीं, असें कोणताहि जबाबदार इतिहासकार म्हणत नाहीं. चेहरा, त्वचा, ग्रंथि आणि रोग्याचा स्वतःचा शब्द हे चार निरनिराळे साक्षीदार आहेत. त्यांपैकीं एक मुका असतांना दुसरा आक्रोश करीत असूं शकतो. शास्त्रास हें कळावयास जवळजवळ एक शतक लागलें, आणि सर्वांत शेवटीं विचारलें गेलें तें रोग्यालाच.

त्या दिवशीं वर्गांत त्या मुलाच्या तळहाताशीं असा एखादा कांटा असता, तर त्यानें काय दाखविलें असतें तें आम्हांस आतां कधींच कळणार नाहीं. पण त्याच्या स्तब्धतेवरून आम्हीं जो निकाल दिला, तो पुराव्यास धरून नव्हता एवढें कबूल करणें आम्हांस भाग आहे.