पर्वती : देवदर्शन आणि नगरदर्शन

पुण्यात नव्याने आलेला विद्यार्थी सुटीच्या दिवशी पर्वतीवर जातो तो बहुधा दोन हेतूंनी : देवदर्शन आणि नगरदर्शन. टेकडी दोन्ही पुरविते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये येथे देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. पानिपताच्या आघातानंतर १७६१ मध्ये त्यांचा अंतही येथेच झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई पाहिली तीही पर्वतीवरूनच. पेशवाईचा उत्कर्ष, शोक आणि अस्त या एकाच माथ्याशी निगडित आहेत.

तथापि माथ्यावरून दिसतो तेवढाच इतिहास नव्हे. ऑक्टोबर १९२९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाने शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृतींच्या पुढाकाराने येथे मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मंदिराची दारे बंदच राहिली. कायद्याने या अधिकारास मान्यता मिळाली ती मुंबई प्रांतात १९४७ मध्ये.

‘देवदर्शन’ काय किंवा ‘नगरदर्शन’ काय, दोन्ही समासांत पाहणारा अध्याहृत असतो. तो कोण होता आणि कोणास पाहू दिले गेले नाही, हे विचारल्यावाचून पर्वतीची फेरी इतिहासाच्या विद्यार्थ्यास पुरी झाली असे म्हणता येणार नाही.