नापासांची वाट : मॅट्रिकपासून 'कौशल्य विकासास पात्र'पर्यंत

'नापास' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याची घडण आपल्या सहसा ध्यानात येत नाही. 'ना' हा उपसर्ग फारसीचा, 'पास' हा शब्द इंग्रजीचा. नालायक, नाराज, नाइलाज या शब्दांच्या पंक्तीत तो जाऊन बसला आणि त्यांचा अर्थही त्याला थोडाथोडा चिकटला. एखाद्या मुलाचे एक वर्ष वाया जाते तेव्हा घरात जी चर्चा सुरू होते तिच्यात हे तिन्ही शब्द असतात. पुन्हा परीक्षेला बसवायचे की 'काहीतरी हातचे काम' शिकायला घालायचे, हा त्या चर्चेचा ठरलेला प्रश्न असतो. हा प्रश्न आपल्याला घरगुती वाटतो, परंतु त्याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिल्यावाचून या निवडीत नेमके काय अडते हे कळणार नाही, असे आम्हाला वाटते.

पंतोजींच्या शाळेत मूल मागे पडे, छडी खाई, शाळा सोडून जाई; परंतु सबंध इलाख्यातील मुलांना एकाच मापाने मोजणारी परीक्षा तेव्हा नव्हती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेतली गेली. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले हे आपण वाचलेले असते. बसलेल्यांपैकी बहुसंख्य त्या वर्षी अनुत्तीर्ण झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. विद्यापीठात कोणाला घ्यावे हे ठरवण्यासाठी ही परीक्षा होती. पुढे सरकारी नोकरीचे दारही तिच्याशीच जोडले गेले आणि जी परीक्षा विद्यापीठाच्या उंबरठ्यावर उभी होती ती साऱ्या माध्यमिक शिक्षणाचे प्रयोजन होऊन बसली.

हा दोष सर्वप्रथम नेमका हेरणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की, मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी यांचे लक्ष अवाजवी व्यापले आहे आणि त्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला पुढे स्वतंत्रपणे जगता येईल असा व्यावहारिक अंश नाही. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षणाचा आराखडा देताना त्यांनी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचा एकत्र उल्लेख केला. या यादीत अक्षर आणि अवजार शेजारी शेजारी आहेत. शेतकऱ्याच्या मुलाला अमुक मिळावे आणि भटा-ब्राह्मणाच्या मुलाला तमुक, अशी वाटणी तीत नाही.

हंटर आयोगाने मार्ग सुचवला तो मात्र वाटणीचाच होता. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार-उद्योगादी व्यवहाराकडे नेणारी. कागदावर ही सूचना रास्त होती. प्रत्यक्षात दुसऱ्या शाखेकडे विद्यार्थी वळलेच नाहीत. पालकांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मॅट्रिक झालेला मुलगा महाविद्यालयातही जाऊ शके आणि कचेरीतही. व्यावहारिक शाखेतून बाहेर पडलेल्याला यांपैकी पहिले दार बंद आणि दुसरे जेमतेम किलकिले. ज्या वाटेवरून परत फिरता येत नाही त्या वाटेवर आपले मूल कोण पाठवील?

मग तांत्रिक शिक्षणाच्या संस्था ओस पडल्या होत्या काय? तसेही नाही. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ पासून होती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १८९० साली सयाजीराव गायकवाड आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रयत्नातून बडोद्याचे कलाभवन उभे राहिले. या संस्थांतून गेलेल्या दोघांची नावे येथे आठवतात. त्र्यंबकेश्वरच्या विद्वान ब्राह्मणाचा मुलगा धुंडिराज फाळके १८८५ मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाला आणि नंतर कलाभवनात शिकला. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या हातांच्या शिक्षणातून आला. त्याच सुमारास जे. जे. मध्ये आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नव्हते. चित्रकला शिकू लागल्यावर आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले, म्हणजे आवडीने निवडलेली वाटही अडली. त्यांनी रंग सोडले, यंत्रांचे रेखाटन धरले, आणि पुढे ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. बेळगावचे सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर, १९१० ची किर्लोस्करवाडी हे सर्वांना ठाऊक आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडवणाऱ्या 'किर्लोस्कर' मासिकाचा आरंभ १९२० साली याच कारखान्याच्या 'किर्लोस्कर खबर'मधून झाला. अक्षर आणि अवजार यांचा फुल्यांना अपेक्षित असलेला शेजार शाळेत घडला नाही, तो नांगराच्या कारखान्यात घडला.

असे असले तरी किर्लोस्करांचे उदाहरण देऊन नापास मुलाची समजूत काढणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शिकण्यासाठी मुंबईला जाऊन राहणे आणि एक वाट अडल्यावर दुसरी धरण्यासाठी वेळ मिळणे, हे त्या काळी थोड्यांच्याच वाट्याला येई. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या भाता, चाक किंवा रापी होती त्यांना हाताचे काम शिकण्यासाठी कोणत्याही संस्थेची गरज नव्हती. ते काम त्यांना जन्माने लागलेले होते आणि शाळा ही त्यातून सुटण्याची वाट होती. आनंद यादवांच्या 'झोंबी'तला (१९८७) मुलगा शेतातले सगळे काम जाणतो. वडील त्याला शाळेतून काढून त्या कामाला जुंपतात, आणि पुस्तकाकडे परत जाण्यासाठीच त्याची झोंबी चाललेली असते. अशा मुलाला 'पुस्तकी शिक्षण निरुपयोगी आहे, हातचे काम शीक' असे सांगणे म्हणजे त्याच्या वडिलांचीच बाजू घेणे होय. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. 'कुलपरंपरेचे शिक्षण' म्हणून तिला इतका विरोध झाला की १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. व्यवसाय शिक्षणाकडे पाहणाऱ्या संशयी नजरेमागे आळस किंवा कारकुनी मनोवृत्ती असते असे आपले विचारवंत वारंवार म्हणतात; तिच्यामागे ही आठवणही असते.

आणि ज्याच्या घरी भाता नाही, त्याचे काय? भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यात परीक्षा नापास होतो आणि वडिलांचा पैसा व स्वतःची वर्षे घालवून गावी परततो. ही कादंबरी आपण अस्तित्ववादाच्या अंगाने पुष्कळ वाचली. शिक्षणाच्या इतिहासाच्या अंगाने वाचली तर दिसते की पदवी आणि गाव यांच्यामध्ये या तरुणाला तिसरे ठिकाणच नाही.

तिसरे ठिकाण उभारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३७ ची वर्धा योजना, १९५० पासूनची कारागीर प्रशिक्षण योजना आणि तिच्यातून पसरलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, मुदलियार आयोगाच्या (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळा, १९८६ च्या धोरणानंतरचे बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम. या धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकचे पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसाय शाखेत आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. ते जवळपासही आले नाही. २०२० च्या धोरणाने पुन्हा २०२५ साठी निम्म्या विद्यार्थ्यांचे लक्ष्य लिहिले. लक्ष्ये वाढत गेली, दार मात्र तेच राहिले : परीक्षेत मागे पडलेल्यांसाठीचे.

महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'अनुत्तीर्ण' हा शेरा काढून 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा देण्यात आला. त्यामागची सद्‌भावना आम्ही नाकारत नाही. मुलांनी निकालाच्या दिवशी जीव देऊ नये ही चिंता खरी होती. परंतु या शेऱ्याचे वाचन करून पाहावे. जो गणितात आणि इंग्रजीत उत्तीर्ण झाला तो कौशल्याला पात्र ठरत नाही. पात्र होण्यासाठी आधी नापास व्हावे लागते. शिवाय ही पात्रताही अपुरीच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या मागणीच्या व्यवसायांना उत्तीर्णच व्हावे लागते. अनुत्तीर्णांसाठी वेल्डर, सुतारकाम, नळकाम असे मोजके व्यवसाय उरतात. म्हणजे ज्याला 'हातचे काम शीक' म्हणून पाठवले त्याला तेथेही पुन्हा त्याच गुणपत्रिकेने मोजले जाते.

म्हणून घरातल्या त्या चर्चेत मूल जेव्हा 'मला पुन्हा परीक्षेलाच बसायचे आहे' असे हट्टाने म्हणते, तेव्हा त्याला कौशल्याचे महत्त्व कळत नाही असे आपण समजू नये. सहा-सात पिढ्यांचा अनुभव त्याच्या बाजूने आहे. आणि जे मूल मनापासून यंत्राकडे किंवा रंधा-करवतीकडे वळू पाहते त्याला, निकाल लागण्याच्या आधी, पहिल्या वर्गात उत्तीर्ण होण्याची शक्यता असतानाच तसे म्हणता आले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकजण शिक्षक आहोत. 'तुला काय शिकायला आवडेल?' हा प्रश्न आपण कोणत्या विद्यार्थ्यांना विचारतो आणि निकालाच्या आधी विचारतो की नंतर, याचा हिशेब आपल्याला आपल्याच वर्गापासून सुरू करता येईल.