गेलेल्या सापाची आठवण

कुत्र्यामांजरांवर लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पोपट उडून गेला म्हणून दोन दिवस न जेवलेली माणसे मला ठाऊक आहेत, आणि बैल गेल्यावर घरात सुतक पाळल्यासारखी शांतता मी पाहिली आहे. पण साप गेला म्हणून कोणी डोळे पुसले, असे सांगितले तर वाचक हसतील. साप गेला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. तरीही इतिहासाची पाने चाळताना सापावर माया करणारी आणि तो गेल्यावर हळहळणारी माणसे अधूनमधून भेटतात. दिवाळीच्या फराळाबरोबर त्यांच्या दोन गोष्टी सांगाव्यात, आणि जाता जाता माझीही एक.

पहिली गोष्ट रोमची. तिबेरियस हा रोमचा दुसरा सम्राट. इ. स. २६ मध्ये तो राजधानी सोडून गेला तो काप्री बेटावर जाऊन राहिला, आणि तेथूनच साम्राज्य हाकू लागला. संशयी, एकलकोंडा म्हातारा. माणसांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. पण त्याचा एक साप होता, आणि त्या सापाला तो स्वतःच्या हाताने भरवीत असे. स्वेटोनियस या चरित्रकाराने हे लिहून ठेवले आहे. रोमन लोकांना घरातल्या सापाचे वावडे नव्हते. आपण जसे वास्तूचा राखणदार म्हणून सापाला हात जोडतो, तसे तेही घराच्या देवघरात साप रंगवीत. पाँपेईच्या उत्खननात अशी चित्रे निघाली आहेत. वेट्टी यांच्या घरातला तो वळसे घेत देवापुढे निघालेला साप पाहिला की आपल्या नागपंचमीच्या भिंतीवरल्या चित्राची आठवण होते.

इ. स. ३७ मध्ये तिबेरियस रोमकडे निघाला. सातव्या मैलाच्या दगडापर्यंत आला, नगराचा तट दुरून पाहिला, आणि तसाच मागे फिरला. का, ते प्रथम कोणास कळेना. मग उलगडा झाला. नेहमीप्रमाणे तो सापाला भरवायला गेला होता, तर साप मेलेला, आणि मुंग्यांनी तो खाऊन टाकलेला. शकुन पाहणाऱ्यांनी अर्थ लावला : लहानांच्या जमावापासून सांभाळ. सम्राट परतीच्या वाटेवरच आजारी पडला आणि त्याच वर्षी १६ मार्चला मिसेनम येथे वारला. त्याचे वय तेव्हा ७७ होते. इतिहासकार या गोष्टीतला शकुन तेवढा उचलतात. माझे मन मात्र त्या हाताशी थांबते. ज्याच्या नुसत्या नावाने सिनेटर थरथर कापत, त्याचा घास घेऊन पुढे आलेला हात, आणि समोर मुंग्या.

दुसरी गोष्ट अमेरिकेची, आणि जरा हसरी. १९०१ च्या सप्टेंबरात थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांची थोरली मुलगी ॲलिस १७ वर्षांची होती. जन्मून दोन दिवस होतात न होतात तोच तिची आई वारली होती. सावत्र आईच्या घरात ही पोर हूड आणि हट्टी निघाली. तिने एक लहानसा हिरवा साप पाळला. अमेरिकेच्या बागांतून आढळणारा, अगदी निरुपद्रवी. नाव ठेवले एमिली स्पिनॅच. पालकाच्या भाजीसारखा हिरवा म्हणून स्पिनॅच, आणि सडपातळ म्हणून एमिली. कारण सावत्र आईची एमिली नावाची बहीण अशीच काटकुळी होती! मेजवानीला जाताना हा साप तिच्या बटव्यात असायचा, आणि योग्य वेळी बाहेर डोकावायचा. वर्तमानपत्रांनी त्या बोटभर जिवाचा अजगर करून टाकला. पुढे १९३३ साली ॲलिसने आत्मचरित्र लिहिले. तोवर तिने राजे पाहिले होते, महायुद्ध पाहिले होते. तरी तीस वर्षांपूर्वीच्या त्या सापाला तिने आपल्या पुस्तकात जागा दिली.

आता माझी गोष्ट. माझे आजोळ सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचे. मोरणेकाठचे हे गाव. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथला. पण गावाची खरी ख्याती नागपंचमीची. आख्यायिका अशी की, गोरखनाथ भिक्षेला आले असता महाजनांच्या घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून तिला वेळ झाला. जिवंत नाग पुजशील का, असे नाथांनी विचारले, ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजला जाऊ लागला.

मी सात-आठ वर्षांचा असेन. पंचमीला दहाबारा दिवस होते. मामाने उसाच्या बांधावरून नाग आणला आणि मडक्यात ठेवून वर दादरा बांधला. ओढ्यावरून बेडूक पकडून आणायचे काम माझ्याकडे आले. मामा दादरा सोडी, नाग फणा काढी, आणि मी दोन हात लांब उभा राहून पाही. फण्यावरचा दहाचा आकडा एका बाजूने किंचित तुटका होता. एवढ्या खुणेवर तो माझा झाला. पंचमीला आजीने त्याला हळदकुंकू वाहिले, लाह्या उधळल्या, मावशीने भाऊ म्हणून ओवाळले. दुपारी पुरणाची दिंडं झाली, आणि मग अंबामातेच्या देवळाकडे मिरवणूक निघाली.

दुसऱ्या दिवशी मामाने त्याला त्याच बांधावर सोडले. मीही बरोबर होतो. नाग गवतातून सरळ गेला. मागे वळून पाहील असे मला उगाच वाटत होते. घरी येऊन मी आजीला विचारले, "पुढच्या वर्षी ह्योच गावंल नव्हं?"

"आरं, त्यो काय बैल हाय व्हय, दावणीला बांधायला?" आजी म्हणाली. "म्हायेरचा पावना. पावनचार घिऊन गेला."

पुढल्या श्रावणात मामाने पुन्हा नाग आणला. मी आधी फणा पाहिला. आकडा अखंड होता. त्या वर्षी बेडूक आणायला मी गेलो नाही.

आज प्राणिशास्त्र सांगते की, साप माणसाला सरावतो, पण कुत्र्यासारखा जीव लावीत नाही. दूध हे त्याचे अन्नच नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप ते पितो, आणि ते त्याला बाधते. मडक्यातला कोंडमारा, मिरवणुकीतला गोंगाट, फण्याच्या उंचीच्या स्पर्धा, यांत त्या मुक्या जिवाचे किती हाल होत असतील, ते समजायला शास्त्र लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडण्यास आणि बाळगण्यास मनाई केली. २००२ साली शिराळ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुका आणि खेळ थांबले. गावाला ते लागले. पिढ्यान्‌पिढ्या नाग हाताळणारी, त्याच्या वळणावरून त्याचा राग ओळखणारी माणसे एकाएकी गुन्हेगार ठरतात की काय, अशी स्थिती आली. २०२५ साली केंद्राने २१ जणांना केवळ पारंपरिक ज्ञान आणि शिक्षण यांसाठी नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली.

मला बंदी योग्य वाटते. मामाला ती शेवटपर्यंत पटली नाही. नागाला त्याने कधी काठी मारली नाही, की त्याच्या शेतात कोणी मारू दिली नाही, हेही तितकेच खरे. बाकी महाराष्ट्रात साप दिसला की काठी शोधतात. शिराळ्यात मडके शोधीत. मडके गेले, आता काठी तरी येऊ नये, एवढीच माझी काळजी.

बंदीनंतर मी एकदा पंचमीला आजोळी गेलो होतो. मामी पाटावर नाग मांडीत होती. कुंभाराकडून आणलेला, मातीचा. गोरखनाथ दारात आले तेव्हा महाजनांच्या घरी होता, तसाच. फण्यावर चुन्याने दहाचा आकडा काढायचा राहिला होता. मामीने चुन्याची डबी माझ्यापुढे सरकवली. मी आकडा काढला, आणि एका बाजूने किंचित तुटका ठेवला.