हिवाळी टायर (मोटारीचे)

बर्फाळ, ओल्या व गारठलेल्या रस्त्यावर मोटारीची पकड टिकवण्यासाठी बनवलेले टायर. फिनलंडमधील कारखान्याने (आजची नोकियन टायर्स) १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर काढला; १९३६ मध्ये ‘हाक्कापेलिट्टा’ हे त्याचे प्रसिद्ध नाव बाजारात आले.

रचना : तापमान सुमारे ७° से. खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊ लागते. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर व सिलिका यांचे प्रमाण अधिक असते, म्हणून ते थंडीतही लवचिक राहते. ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या) ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात. रुंद खाचांमध्ये दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो.

निवड : टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण हे चिन्ह पाहावे, बर्फावरील प्रमाणित चाचणीत उतरलेल्या टायरलाच ते मिळते. नुसत्या ‘एम+एस’ (चिखल व बर्फ) खुणेसाठी अशी चाचणी लागत नाही. त्यामुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत ती एकटी खूण पुरेशी मानली जात नाही. तेथील हिवाळी टायरची सक्ती तारखांवर नव्हे, रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून असते; कॅनडातील क्वेबेक प्रांतात मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च हा काळ ठरलेला आहे. चारही चाकांना हिवाळी टायरच बसवावेत. फक्त पुढची जोडी बदलल्यास वळणावर किंवा ब्रेक लावताना गाडीचा मागचा भाग घसरू शकतो.

झीज : नव्या टायरच्या खाचा साधारण ८ ते ९ मिमी खोल असतात. जर्मनीत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी असली, तरी बर्फावरची पकड त्याच्या बऱ्याच आधी ढासळते. ऑस्ट्रियाने हिवाळी रेडियल टायरसाठी ४ मिमीची अट घातली आहे, ती यामुळेच. मऊ रबर उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर लवकर झिजते आणि ब्रेकचे अंतरही वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधी घासतात, म्हणून पुढच्या-मागच्या जोड्यांची अदलाबदल करतात. हवा कमी असल्यास कडा झिजतात, जास्त असल्यास मधला पट्टा. थंडीत हवेचा दाब आपोआप उतरत असल्याने तो वरचेवर तपासावा लागतो.

आयुष्य : खाचा खोल असल्या तरी रबर वयाने कडक होते. बाजूवरील चार अंकांत उत्पादनाचा आठवडा व वर्ष असते : ‘३५२३’ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. काढलेले टायर थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावेत.